जवळ गेलं की कमी भरतं

"जवळ जा. अजून जवळ. नाक टेकेपर्यंत जा, आणि मग सांग मला काय दिसतंय ते."

अक्काचा हा हुकूम मापसाहेबांच्या कानात लहानपणापासून बसलेला होता. मुंग्यांची रांग असो, पिसाचं टोक असो की भिंतीच्या फटीतलं मोहरीएवढं फूल असो, थोरली बहीण धाकट्या भावाची मान धरून त्याला तिथं ओणवं करायचीच. आता अक्काच्याच डोळ्यांत मधोमध धुकं बसलं होतं. कडेकडेचं दिसे, समोरचं नेमकं पुसलं जाई. टीव्हीवर एखादं तोंड पडदाभर आलं तर ओळखू येई, एवढंच. तळमजल्यावरचं तिचं बिऱ्हाड आवरून झालं होतं आणि येत्या रविवारी दुपारी तिची मुलगी तिला कायमचं आपल्याकडे न्यायला येणार होती.

"जायच्या आधी एकदा ते फूल दाखव रे छोट्या," अक्का म्हणाली. "मागच्या भिंतीतलं. त्याच्या घशाशी निळा ठिपका असतो बघ. टीव्हीएवढं करून दाखव. नंतर कुठलं दिसायला."

छोट्याला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती आणि डोक्यावर केस म्हणावेत असं काही उरलं नव्हतं. तरी तो ताठ उभा राहून म्हणाला, "दाखवतो. शब्द दिला."

आता मापसाहेबांनी शब्द देणं म्हणजे साधी गोष्ट नव्हे. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून त्यांची उभी हयात गेली होती. ते बाजारात शिरले की तराजू आपोआप सरळ होत, असं लोक म्हणत. घरातही त्यांचा धाक तसाच. दुधाची पिशवी आली की आधी मापात, मग पातेल्यात. साखरेची पुडी आली की आधी काट्यावर, मग डब्यात. पत्नी माई हे सगळं शांतपणे सोसत. माईंचा स्वभावच मृदू, त्यातून त्यांचा एक नेम होता. सकाळी आंघोळ झाल्यापासून ऊन खिडकीतून ओट्यावर उतरेपर्यंत त्या बोलत नसत. देवाला दिलेला तेवढा वेळ. पाऊस असो, पाहुणे असोत, नेम चुकला नाही.

मापसाहेब या नेमाचा फार आदर करत. इतका, की ज्या गोष्टीला माई नाही म्हणतील अशी शंका येई, ती ते बरोबर त्याच वेळात विचारत.

"कॅमेरा आहेच," ते त्या सकाळी म्हणाले. निवृत्तीच्या समारंभात खात्यानं दिलेला कॅमेरा कपाटात पडून होता. "पण एवढ्याशा फुलासाठी मॅक्रो लेन्स लागते. महाग आहे. तू नको म्हण, नाही घेत."

माईंनी पळी कढईच्या काठावर खणकन आपटली.

"ठरलं तर मग," मापसाहेब म्हणाले आणि चपला घालून निघाले.

ऊन ओट्यावर उतरलं तेव्हा माई रिकाम्या घराला म्हणाल्या, "ती नको म्हणून आपटली होती."

लेन्स आली. काळीभोर, वजनदार, आणि कडेला पांढऱ्या अक्षरांत कोरलेलं : शंभर मिलिमीटर. कोरलेल्या आकड्यावर मापसाहेबांची भारी श्रद्धा. लिहिलेला आकडा खोटा असू शकतो, बोललेला तर असतोच, पण कोरलेला आकडा म्हणजे शपथ. त्यांनी त्या आकड्यावरून दोनदा अंगठा फिरवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इमारतीच्या मागे, पंपाच्या खोलीशेजारी, ओल्या भिंतीपुढे पालथे पडले.

इथं एक खुलासा करायला हवा. कॅमेऱ्याला प्रकाश मोजायची स्वतःची सोय असते. बटण दाबलं की तोच प्रकाश मोजतो आणि तोच हिशेब लावून फोटो काढतो. मापसाहेबांना हे ऐकूनच घाम फुटला होता. "म्हणजे तराजू दुकानदारानं धरायचा आणि काटाही त्यानंच वाचायचा? मग गिऱ्हाइकानं काय करायचं, टाळ्या वाजवायच्या?" म्हणून त्यांनी कॅमेऱ्याची ती सोय बंद करून टाकली आणि प्रकाश मोजायचं हातात धरायचं एक वेगळं मीटर आणलं. साबणाच्या वडीएवढी डबी. ती फुलाशेजारी धरायची, आकडा वाचायचा, तोच कॅमेऱ्यावर लावायचा. स्वतंत्र माप. निःपक्षपाती.

लांबून भिंतीचा फोटो घेतला, तो झकास आला. मग अक्काच्या हुकुमाप्रमाणे जवळ गेले, अजून जवळ, लेन्स पुढं सरकेना इतके जवळ. फूल चौकटीत मोठं दिसू लागलं. मीटरवर आकडा तोच, कॅमेऱ्यावर आकडा तोच. बटण दाबलं. फोटो काळा.

काळा म्हणजे अगदी कोळशाच्या पोत्यात डोकं घातल्यासारखा. पुन्हा काढला, पुन्हा काळा. अशा पंधरा-वीस काळ्या फोटोंचा संग्रह जमला तेव्हा त्यांच्या डोक्याशी दोन पाय येऊन उभे राहिले. पायांच्या वर सोसायटीचे सेक्रेटरी होते.

"पुरावा गोळा करताय का, मापसाहेब?"

"कसला पुरावा? फूल आहे."

"फूल!" सेक्रेटरी हसले. पण त्यांचं हसू ओठांवरून पुढं गेलं नाही. मागच्या भिंतीला ओल नाही, असं ते गेल्या तीन सभांत ठासून सांगत आले होते. "माणूस फुलासाठी चिखलात झोपतो होय? बरं, बरं. तुमचं फूल राहू दे." संध्याकाळी खालच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं होतं : मागील भिंत रविवारी सकाळी दहा वाजता खरवडून रंगवण्यात येईल.

झालं. रविवारी दुपारी अक्का जाणार, आणि त्याआधी फूलच जाणार.

शहाण्या माणसानं या टप्प्यावर कॅमेऱ्याची बंद केलेली सोय चालू केली असती. मापसाहेबांनी दुसऱ्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या सरांना गाठलं.

सरांना असं कोणी काही विचारलं की त्यांना फार आनंद होई, कारण विद्यार्थी कधी विचारत नसत. त्यांनी लेन्सपुढं पट्टी धरली, कॅमेऱ्यातून पाहून चौकटीत किती मिलिमीटर मावतात ते मोजलं आणि भुवया उंचावल्या. "वस्तू जेवढी, तेवढीच प्रतिमा पडतेय. मग सोपं आहे. अशा वेळी वस्तूपासून प्रतिमेपर्यंतचं अंतर नाभीय अंतराच्या चौपट असतं. दहावीचं गणित! लेन्स शंभर मिलिमीटरची, म्हणजे किती हवं?"

"चाळीस सेंटिमीटर," मापसाहेब म्हणाले. मापाच्या बाबतीत त्यांना कोणी विचारलेलं आवडत नसे, पण उत्तर आधी निघून जाई.

"मोजा."

मोजलं. फुटपट्टीनं मोजलं, टेपनं मोजलं, माईंच्या शिवणाच्या फितीनं मोजलं. तीसच भरत होतं.

"म्हणजे लेन्स शंभराची नाहीच," सर खूश होऊन म्हणाले. "पंचाहत्तरची!"

मापसाहेब खुर्चीत बसले. लोकहो, विचार करा. ज्या माणसानं बाजारात उभ्या जन्मात एक छटाक कमी खपवून घेतली नाही, त्याच्या स्वतःच्या घरात शंभराचं कोरून पंचाहत्तरचं दिलेलं माप! आणि प्रकाशाचं म्हणाल तर तो त्याहूनही कमी भरत होता. त्यांच्या कानशिलाची शीर तटतटली. नोकरीत असताना ती तटतटली की बाजारात शटरं पडत.

लेन्स जिथून घेतली त्या दुकानात ते तडक गेले. काउंटरवर दुकानाच्या मालकाची मुलगी होती. तोंडात पेनाचं टोपण, कानात वायर.

"ही लेन्स जवळ गेलं की कमी भरते," मापसाहेब म्हणाले.

मुलीनं एक वायर काढली. "हो काका. सगळ्याच अशा असतात."

बिचारीनं खरं तेच सांगितलं होतं. पण हेच वाक्य मापसाहेबांनी नोकरीत वाण्यांकडून, कापडवाल्यांकडून, पेट्रोलपंपावर, जिथं जिथं छापा घातला तिथं तिथं ऐकलं होतं. साहेब, सगळेच असं देतात. दंडाची पावती फाडण्यापूर्वीचं शेवटचं वाक्य.

"सगळ्याच? बरं!" ते म्हणाले आणि पुढचं काही न ऐकता बाहेर पडले. मुलगी मागून "काका, थांबा, का ते सांगते ना" म्हणत होती. पण चोराचं स्पष्टीकरण ऐकायची खात्यात पद्धत नव्हती.

खात्यात त्यांच्या जागी त्यांचाच शिष्य बसला होता. मापसाहेबांना पाहून तो उठून उभा राहिला, तक्रार ऐकून परत बसला. "साहेब, लेन्स कशात धरायची? वजनात, धान्यात, द्रवात?"

"मिलिमीटर लिहिलंय ना? लांबीत धर."

लांबीत धरल्यावर कपाटातून प्रमाणित पितळी मीटर आला, मखमलीत गुंडाळलेला. दोघांनी तो उचलला, लेन्सशेजारी आडवा ठेवला आणि वाकून पाहिलं.

"साहेब," शिष्य हळूच म्हणाला, "ही बारा सेंटिमीटरच्या वर भरतेय. तुम्हाला दोन जास्तच मिळालेत."

"नळकांडं नाही रे मोजायचं! आतलं अंतर! आणि तेही जवळ गेल्यावर कमी होतं!"

"किती जवळ?" म्हणून बाजूच्या कारकुनानं लेन्सला नाक लावलं.

मग बराच वाद झाला. आवाज चढले. शेवटी शिष्यानं अतिशय दुःखी चेहऱ्यानं कपाटातून कापडी पिशवी आणि लाख काढली. "साहेब, वादातलं माप जागच्या जागी सीलबंद करायचं. नियम तुमचाच आहे. तुम्हीच मला शिकवलात, माझ्या बापाचं माप असलं तरी सील करायचं म्हणून."

मापसाहेबांच्या डोळ्यांदेखत लेन्स पिशवीत गेली, पिशवीवर लाख टपकली, लाखेवर शिक्का बसला. सुनावणी पुढच्या महिन्यात.

"नियमाप्रमाणे केलंस," मापसाहेब म्हणाले. शिष्याचा अभिमान वाटावा की त्याच्या कानाखाली वाजवावी, हे त्यांना घरी पोचेपर्यंत ठरवता आलं नाही.

घरी अक्का येऊन बसली होती. भिंतीकडे तोंड, कारण भावाचा चेहरा तिला तिरक्या नजरेनंच दिसे.

"झाला का फोटो?"

"अक्का, फोटोचं सोड. इथं न्यायाचा प्रश्न उभा राहिलाय."

त्यांनी सगळं सांगितलं. पितळी मीटर, लाख, शिक्का. अक्का ऐकत होती. मग म्हणाली, "मी ठिपका दाखव म्हणाले होते रे. तू मला खटला दाखवतोयस."

"पण पंचवीस मिलिमीटर कमी, अक्का!"

"आणि त्या फुलाला विचारलंस का, तुझा न्याय होईपर्यंत थांबशील का म्हणून?" ती उठली, दाराची चौकट चाचपली. "असू दे. ठिपका होता, मला आठवतोय. नाही दिसला तर नाही दिसला." आणि जिना उतरून गेली. रागावली असती तर बरं झालं असतं.

शनिवारी सकाळी मापसाहेबांनी, सवयीप्रमाणे, माईंच्या मौनात आपली बाजू मांडली. तत्त्व म्हणून काही असतं की नाही, माणसानं माघार घेतली तर बाजाराचं काय होईल, वगैरे. माई हात जोडून बसल्या होत्या. विरोध नव्हता. पण त्या दिवशी मापसाहेबांचं भाषण लांबलं, आणि लांबता लांबता ऊन ओट्यावर उतरलं.

"एक विचारू?" माई म्हणाल्या. "तुम्ही शब्द अक्कांना दिलाय की लेन्सला?"

मापसाहेबांनी चपला घातल्या. माईंना वाटलं, बाजारात चालले. ते कॅमेऱ्याच्या दुकानात चालले होते.

मुलीनं त्यांना पाहिलं आणि या वेळी दोन्ही वायरी काढल्या. "बसा काका. आता पूर्ण ऐकायचं हं."

तिनं टॉर्च लावली आणि पुढं एक पांढरा कागद धरला. कागदावर लख्ख गोल पडला. मग कागद मागं नेला. गोल मोठा झाला आणि फिका पडला.

"प्रकाश कोणी खाल्ला का? नाही. तेवढाच आहे, पण पसरला. फूल मोठं करायचं तर तेवढाच प्रकाश मोठ्या जागेवर पसरतो. म्हणून फोटो काळा."

मापसाहेबांनी खिशातून आपली डबी काढली. मुलीनं कपाळाला हात लावला, पण त्यांनी मोजलंच. गोल दुप्पट रुंद झाला तिथं उजेड चौथा हिस्सा भरत होता. त्यांनी पुन्हा मोजलं. तेवढाच.

"आणि शंभराचे पंचाहत्तर?" ते म्हणाले. आवाजात आता निरीक्षक कमी होता.

"ही जुनी लेन्स बघा." तिनं एक लेन्स फिरवली, ती नाकासारखी पुढं पुढं लांबत गेली. "जवळचं बघायचं तर हिला एवढं बाहेर यावं लागतं. फुलावरच आपटते. तुमच्या लेन्समध्ये बाहेर काहीच हलत नाही, आतल्या आत काचा सरकतात. तसं सरकताना तिचं अंतर आखडतं. लांबचं बघताना शंभर, अगदी जवळ आल्यावर पंचाहत्तरच्या आसपास. शंभर हा आकडा लांबचा आहे, काका. खोटा नाही."

"मग कोरताना तसं सांगायला नको?"

"कोरायला जागा किती असते? आणि सांगायला गेलं तर लोक दुकानातून निघून जातात."

मापसाहेबांनी घसा साफ केला. "कॅमेऱ्याचं मीटर मात्र..."

"ते लेन्सच्या आतून बघतं. आत किती पोचलं ते त्याला कळतं. तुमची डबी बाहेर बसलीय, तिला काय कळणार?"

म्हणजे दुकानदारच तराजू धरून खरं वजन सांगत होता, आणि निःपक्षपाती साक्षीदार दाराबाहेर उभा राहून खोटी साक्ष देत होता! उभ्या नोकरीत असं प्रकरण झालं नव्हतं.

"मीटर घरी ठेवा," मुलगी म्हणाली. "फोटो काढा, बघा, अंधार वाटला तर चौपट वेळ द्या. आणि तेवढा वेळ हलू नका. श्वाससुद्धा जपून."

ते खात्यात पोचले तेव्हा कचेरी बंद व्हायला थोडाच वेळ होता. आणि बाहेर ही रांग! वजनांवर शिक्का मारून घ्यायचा शेवटचा दिवस. रांगेत वाणी, भाजीवाले, भंगारवाले, प्रत्येकाच्या हातात वजनांची पिशवी, आणि त्यातल्या निम्म्यांना मापसाहेबांनी कधी ना कधी दंड केलेला.

"तक्रार मागं घ्यायचीय," ते शिष्याच्या कानाशी म्हणाले.

शिष्याचा चेहरा पुन्हा दुःखी झाला. "साहेब, त्यालाही तुमचाच नियम आहे."

होता खरा. उगाच तक्रारी करणाऱ्यांना जरब बसावी म्हणून त्यांनीच सुरू केला होता. तक्रार मागं घेणाऱ्यानं सर्वांदेखत उभं राहून, आपली समजूत चुकीची होती, असं मोठ्यानं सांगायचं.

मापसाहेब दारात उभे राहिले. सदरा खाली ओढला. रांग गप्प झाली. एवढी शांतता त्या कचेरीनं छाप्याच्या दिवशीही अनुभवली नसेल. त्यांच्या डोळ्यांपुढं क्षणभर पुढचा महिना आला, सुनावणी आली, पंचवीस मिलिमीटरचा विजय आला. मग दाराची चौकट चाचपणारा एक हात आला.

"माझी समजूत," ते म्हणाले, "चुकीची होती."

"साहेब, मागं ऐकू नाही आलं!" रांगेच्या शेवटाकडून एक वाणी ओरडला. त्याला तीनदा दंड झाला होता.

"माझी समजूत चुकीची होती! माप बरोबर होतं!"

रांगेत असा काही आनंद पसरला की विचारू नका. एकानं टाळी वाजवली. भंगारवाल्यानं जवळ येऊन हळूच विचारलं, "साहेब, नक्की चुकलं काय होतं?" मापसाहेब म्हणाले, "लांबचं माप जवळ लावलं." भंगारवाल्यानं गंभीरपणे मान हलवली. "होतं असं, माझ्या मेव्हण्याबाबत माझंही झालं."

शिष्यानं लाख फोडली.

रविवारी पहाट सरून उजाडत होतं. माई आंघोळ करून ओट्याशी बसल्या होत्या, डोळे मिटलेले. खाली अक्काच्या दारात बांधलेल्या पेट्या उभ्या होत्या, आणि त्यांच्यापलीकडे सेक्रेटरींनी मागवलेले रंगाचे डबे. फूल सूर्य वर आल्यावर उघडे. दहाला भिंत खरवडायला माणसं येणार होती.

मापसाहेबांनी कॅमेरा गळ्यात घातला. सवयीनं माईंकडे वळले, विचारायला तोंड उघडलं, आणि मिटलं. मौनात विचारायचं नाही, एवढं तरी त्यांनी आज ठरवलं होतं.

माईंनी डोळे उघडले. उठून आतून आपली जुनी उशी आणली आणि त्यांच्या हातात दिली. कोपरांखाली घ्यायला.

दाराशी गेल्यावर त्यांच्या हाताला खिशात ती डबी लागली. त्यांनी ती काढली, काटा पाहिला. काटा थरथरत होता, उजेड वाढतच होता. त्यांनी ती साखरेच्या काट्याशेजारी ठेवून दिली.

मग उशी काखेत मारून, चपला हातात घेऊन, अक्काला जाग येऊ नये म्हणून ते एकेक पायरी चाचपत खाली उतरू लागले.